संत मरिया गोरेत्तीचा सण, ६ जुलै: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू होतात, जून सरत येतो आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात संत मरिया गोरेत्तीचा धडा येतो. त्यामागोमाग येतात पालकांचे फोन. वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात, मी बरीच वर्षं रविवारचा वर्ग घेते आहे. प्रश्न ठरलेले असतात. काही सोपे, काही घशात अडकणारे. तोंडी उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाची लिहून काढली.

मरिया गोरेत्ती कोण होती? सण ६ जुलैलाच का?

इटलीतल्या एका गरीब शेतकरी कुटुंबातली मुलगी. घरात तिला मारिएत्ता म्हणायचे. जन्म १६ ऑक्टोबर १८९०, मृत्यू ६ जुलै १९०२. संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळतात, कारण चर्चच्या लेखी तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस.

ती ११ वर्षांची होती की १२?

अकरा पूर्ण, बारावं चालू. पुढचा वाढदिवस तीन महिन्यांवर आला होता. जुन्या पुस्तिकांत कधी ‘अकरा’ तर कधी ‘बारा’ दिसतं, ते या मोजण्याच्या फरकामुळे.

तिच्या घरची परिस्थिती कशी होती?

धड्यात हे दोन ओळींत उरकतात. मला ते खटकतं, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

गोरेत्ती कुटुंब मूळचं कोरिनाल्दोचं. हे इटलीच्या पूर्वेकडच्या मार्के प्रांतातलं डोंगरावरचं गाव. जमिनीचा तुकडा पोटाला पुरेना, तेव्हा वडील लुईजी आणि आई आसुंता पोरांना घेऊन कामाच्या शोधात निघाले. आधी पालियानोजवळ राहिले आणि १८९९ मध्ये रोमच्या दक्षिणेला, ले फेरिएरे या वस्तीवर आले. जमीन मालकाची, राबायचं यांनी आणि पीक वाटून घ्यायचं, असा व्यवहार. आपल्याकडची बटाई म्हणा.

हा सगळा भाग पोंतिनो नावाच्या दलदलीचा. आज तिथे आखीव शेतं आणि शहरं दिसतात, पण दलदल उपसण्याचं मोठं काम झालं १९३० च्या दशकात. १९०० साली तिथे होते डास आणि मलेरिया. तिथे आल्यावर वर्षभरात, मे १९०० मध्ये, लुईजी तापाने गेले. मरिया तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता घराची वाटणी कशी झाली ते बघा. आई वडिलांच्या जागी शेतावर गेली आणि मरिया आईच्या जागी चुलीपुढे आली. स्वयंपाक, धुणं, पाणी, धाकट्या भावंडांना भरवणं, झोपवणं सगळं तिच्याकडे. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही, लिहितावाचता येत नव्हतं. प्रार्थना आणि धर्मशिक्षण तिने कानांनी ऐकून पाठ केलं आणि त्या जोरावर पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद, घेतलं. माझ्या वर्गात पाठांतराचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. त्याचा उपयोग होतो असं नाही.

शिवाय घर त्यांचं एकट्याचं नव्हतं. वडील खंगत चालले होते, तेव्हाच कामाला हात हवेत म्हणून जोव्हान्नी सेरेनेल्ली आणि त्याचा तरुण मुलगा अलेस्सांद्रो यांच्याशी भागीदारी झाली होती. दोन्ही कुटुंबं एकाच जुन्या इमारतीत राहायची आणि स्वयंपाकघर सामाईक होतं. म्हणजे घरातली बाई म्हणून मरिया अलेस्सांद्रोचंही जेवण रांधायची, त्याचेही कपडे शिवायची.

५ जुलै १९०२ रोजी काय घडलं?

शनिवारची दुपार. अंगणात घेवड्याची मळणी चालली होती. आसुंता, इतर मुलं आणि अलेस्सांद्रो बैलांमागे कामात होते. मरिया बाहेरच्या दगडी जिन्यावर, वरच्या पायरीशी बसली होती. शेजारी गोधडीवर धाकटी तेरेसा झोपलेली. मरियाच्या मांडीवर एक फाटका सदरा होता आणि ती त्याला ठिगळ लावत होती. सदरा अलेस्सांद्रोचा होता.

त्याने बैल आसुंताच्या हाती दिले आणि तो वर गेला. त्याचं वय २०. याआधीही त्याने तिला गाठायचा प्रयत्न केला होता आणि कुणाला सांगितलंस तर जीव घेईन अशी धमकी दिली होती. त्या दुपारी त्याने तिला ओढत आत नेलं. तिने विरोध केला. हे पाप आहे, देवाला हे नको आहे, तू नरकात जाशील, असं ती त्याला सांगत राहिली. तेव्हा त्याने आरीसारख्या टोकदार हत्याराने तिच्यावर १४ वार केले. मळणीच्या आवाजात खाली काही ऐकू आलं नाही. जिन्यावरचं बाळ जागं होऊन रडायला लागलं, तेव्हा लोक वर धावले.

गाडीत घालून तिला नेत्तुनोच्या इस्पितळात नेलं. तिथे भूल न देता शस्त्रक्रिया झाली. ती पाणी मागत होती, पण जखमा पोटात असल्यामुळे पाणी देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी तिला विचारलं, तू त्याला क्षमा करतेस का? ती हो म्हणाली, आणि तो माझ्याबरोबर स्वर्गात असावा, असंही म्हणाली. त्याच दुपारी ती गेली.

मुलांना यातलं किती सांगायचं ते पुढे लिहिलं आहे.

हे सगळं कळलं कसं? खोलीत तर दोघंच होते.

प्रश्न योग्य आहे. इस्पितळात ती शुद्धीवर होती आणि बोलली. बाकीचं बरंचसं खुद्द अलेस्सांद्रोने सांगितलं. संतपदाच्या चौकशीत त्याने साक्ष दिली आणि दोष संपूर्णपणे स्वतःवर घेतला. ज्याच्या हातून ती मेली, त्याच्याच तोंडून तिची बाजू जगापुढे आली, हे मला आजही विचित्र वाटतं.

तिला कुणी ‘धर्म सोड’ म्हटलं नव्हतं. मग ती रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारी, कशी?

अलेस्सांद्रोही कॅथलिकच होता, हे त्यात भरीला. पण चर्चची समजूत जुनी आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तरी कुठे कुणी देव नाकारायला सांगितलं होतं? हेरोद राजाने भावाची बायको केली, ते चूक आहे असं योहान म्हणाला आणि त्यात त्याचं डोकं गेलं. तरी पहिल्या शतकांपासून त्याला रक्तसाक्षी मानतात. देवाच्या आज्ञेपोटी धरलेल्या सद्गुणासाठी मरण आलं तर तीही साक्षच, असं संत थॉमस अक्वायनस यांनी याच उदाहरणावरून मांडलं आहे. पोप पायस बारावे यांनी २७ एप्रिल १९४७ रोजी मरियाला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि २४ जून १९५० रोजी संतपद दिलं, ते याच आधारावर.

म्हणजे जी मुलगी अशा प्रसंगातून जिवंत वाचली, तिची पवित्रता कमी?

नाही. हा प्रश्न मला एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारला होता. सगळे पोरं बाहेर गेल्यावर, दप्तराच्या बंदाशी चाळा करत. मी स्वतः लहान असताना आम्हाला हा धडा ज्या पद्धतीने शिकवला गेला, त्यात एकच वाक्य डोक्यात बसलं होतं: अब्रू जाण्यापेक्षा जीव गेलेला बरा. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण वर्गात अशी मुलगी बसलेली असू शकते जिच्यावर आधीच काहीतरी गुदरलं आहे आणि तिने ते कुणाला सांगितलेलं नाही. त्या वाक्यातून तिला काय ऐकू येत असेल? तू जिवंत राहिलीस, तेच चुकलं.

चर्चची शिकवण ही नाही, आणि हा आजकालचा बदललेला सूरही नाही. इसवी सन ४१० मध्ये रोम शहर लुटलं गेलं, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. तुम्ही जीव का दिला नाहीत, असा तो रोख. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याला उत्तर दिलं आहे. पावित्र्य मनाच्या संमतीत असतं. दुसऱ्याने जबरदस्तीने शरीरावर जे केलं त्याने ते जात नाही, कारण पाप करणाऱ्याचं असतं, सोसणाऱ्याचं नव्हे. सोळाशे वर्षं झाली हे लिहून.

आणि मरिया स्वतः काय म्हणाली ते पुन्हा वाचा. ‘माझी अब्रू जाईल’ असं तिने म्हटलं नाही. ‘तू नरकात जाशील’ असं म्हटलं. अकरा वर्षांची पोर, समोर हत्यार घेतलेला पुरुष, आणि काळजी त्याच्या आत्म्याची. तिचं मोठेपण मला इथे दिसतं. ती लढली, हे खरं. एखादी मुलगी भीतीने गोठून गेली, ओरडू शकली नाही, तर तिला मरियाशी तोलायचा अधिकार कुणालाही नाही; फादरांना नाही, मला तर मुळीच नाही.

अत्याचारातून गेलेल्यांची ती आश्रयसंत मानली जाते. अशा बाया आणि मुली तिच्याजवळ येतात त्या आपल्या बाजूची कुणीतरी म्हणून. त्यांच्यासमोर तिला परीक्षक करून बसवू नये.

क्षमा केली म्हणजे शिक्षा माफ व्हायला हवी होती का?

झाली नाही, आणि व्हावी असं चर्चनेही म्हटलं नाही. अलेस्सांद्रोला ३० वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाच्या कायद्याने तो अजून सज्ञान नव्हता, म्हणून जन्मठेप टळली. त्यातली २७ वर्षं त्याने भोगली.

सुरुवातीला त्याला काही पश्चात्ताप नव्हता. मग सिसिलीतल्या नोतोच्या तुरुंगात त्याला एक स्वप्न पडलं. बागेत मरिया उभी आहे आणि ती त्याला एकेक करून पांढरी लिली देते आहे. तिथून तो बदलत गेला. १९२९ मध्ये सुटला. १९३४ च्या नाताळात तो कोरिनाल्दोला गेला. आसुंता तिथे धर्मगुरूंच्या घरी घरकाम करत होती. त्याने तिच्याकडे क्षमा मागितली. मरियाने तुला क्षमा केली, मग मी कशी नाकारू, या अर्थाचं ती बोलली. नाताळच्या मिस्साला दोघांनी एकत्र कम्युनियन घेतलं. गावात कुजबुज झाली असणारच. आपल्या गावात झाली नसती का?

पुढे तो कापुचिन संन्याशांच्या मठांत माळीकाम, पडेल ते काम करत राहिला आणि मे १९७० मध्ये माचेराता इथे वारला. आसुंता १९५४ मध्ये गेली होती. आज कोरिनाल्दोच्या तीर्थमंदिरात आसुंता आणि अलेस्सांद्रो एकाच छपराखाली विसावले आहेत.

हे सगळं घडायला बत्तीस वर्षं लागली आणि त्यातली सत्तावीस गजांआड गेली, हे लक्षात ठेवा. ‘मरियाने क्षमा केली, तूही कर आणि विषय संपव’ असं जे घरात सांगतात, ते बहुतेक वेळा घरातल्याच कुणाला तरी वाचवत असतात.

अलेस्सांद्रोही संत आहे का?

नाही.

संतपदाच्या सोहळ्याला तिची आई हजर होती, हे खरं?

खरं. संतपदाच्या सोहळ्याला आईच हजर, असं त्याआधी घडल्याची नोंद नाही, असं म्हणतात. गर्दी एवढी होती की सोहळा संत पेत्राच्या बासिलिकेत न करता बाहेर चौकात करावा लागला. आसुंता म्हातारी झाली होती, चालवत नव्हतं. तिने खिडकीतून पाहिला. जिन्यावर झोपलेली तेरेसा पुढे सिस्टर झाली.

तिचं शरीर अजून जसंच्या तसं आहे का? व्हॉट्सअॅपवर फोटो येतो.

तो फोटो नेत्तुनोच्या बासिलिकेतला. समुद्रकाठच्या या गावात पॅशनिस्ट संघाचे धर्मगुरू तिचं देवालय सांभाळतात. तळघरातल्या काचेच्या पेटीत जी झोपलेली मुलगी दिसते ती मेणाची आहे. तिच्या अस्थी त्या मूर्तीच्या आत आहेत. संघानेही कधी लपवलेलं नाही, तेव्हा ‘चमत्कार, दहा जणांना पाठवा’ असलं काही पुढे ढकलू नका.

६ जुलैच्या मिस्सात वेगळं काय असतं?

हा ऐच्छिक स्मृतिदिन आहे. म्हणजे धर्मगुरू तिचा मिस्सा घेऊ शकतात, पण घ्यायलाच हवा असं नाही. घेतला तर झगा लाल, रक्तसाक्षीचा. रविवार आला तर रविवारचीच उपासना होते. २०२५ मध्ये तसंच झालं.

तिच्यासाठी नेमलेली वाचनं वेगळी आहेत. पहिलं पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्रातलं, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे. शुभवर्तमान योहानाच्या बाराव्या अध्यायातलं: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. आमच्याकडे तेव्हा आवणीचे दिवस असतात. मिस्साला येताना वाटेवरच्या शेतात गुडघाभर चिखलात बाया रोपं लावताना दिसतात, त्यामुळे गव्हाच्या जागी भात धरला की मुलांना फार समजवावं लागत नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल?

जरूर या. बसा, ऐका. कम्युनियनच्या रांगेत मात्र उभे राहू नका; ते बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्या कॅथलिकांसाठी असतं.

लहान मुलांना ही गोष्ट कशी सांगायची?

पहिली-दुसरीच्या मुलांना मी एवढंच सांगते: बाबा नव्हते, आई शेतावर जायची, मरिया भावंडांना सांभाळायची, एका माणसाने तिला मारलं आणि तिने त्याला क्षमा केली. बस. त्यांना बाळ तेरेसा आवडते. तिचं पुढे काय झालं ते हमखास विचारतात.

पाचवीच्या पुढे मी गोष्टीचा एक भाग ठासून सांगते, जो जुन्या धड्यांत झाकलेला असायचा. अलेस्सांद्रोने आधी धमकी दिली होती आणि मरिया गप्प राहिली. आईवर आधीच डोंगर कोसळलेला, त्यात आपली भर कशाला, असं वाटलं असेल. तिला दोष नाही. सांगायला कुणी होतंच कुठे? तुम्हाला आहे. आई, आजी, बाई, फादर, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक मी फळ्यावर लिहिते आणि वहीत उतरवून घ्यायला लावते.

मोठ्यांसाठी: २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली की ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ‘घरातलं घरात’ किंवा ‘धर्मग्रामातलं धर्मग्रामात’ हा पर्याय कायद्यात नाही.

आणि हो, हा धडा मुलग्यांनाही द्या. फक्त मुलींना वेगळं बसवून मरिया गोरेत्ती शिकवणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. अलेस्सांद्रो मुलगाच होता.

आपल्याकडे अशी उदाहरणं आहेत का?

रक्तसाक्षी म्हणाल तर वसईचाच संत गोन्सालो गार्सिया आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. पण ती कथा निराळी.

क्षमेच्या बाबतीत मरियाच्या जवळची आहेत ती धन्यवादित सिस्टर राणी मरिया. मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशात आदिवासी आणि भूमिहीन लोकांसाठी त्या काम करायच्या. सावकारीत ज्यांचे हितसंबंध होते त्यांना ते सलत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. त्यांच्या आईनेही त्याला माफ केलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सिस्टरना धन्यवादित घोषित केलं गेलं. आसुंता कोरिनाल्दोत जे करून गेली, ते इथे राखीच्या दोऱ्याने झालं.

‘गोरेत्ती’ बरोबर की ‘गोरेटी’?

इटालियन उच्चार गोरेत्ती. आपल्याकडे आणि गोव्यात मुलींची नावं मात्र ‘गोरेटी’ अशीच ठेवलेली आहेत, आणि आधारकार्डावर जे आहे ते बरोबर.

सणाला फुलं कोणती आणायची?

चित्रांत तिच्या हातात पांढरी लिली असते. बाजारात ती महाग, आणि जुलैत दोन दिवसांत मान टाकते. अंगणातली तगर आणा, मोगरा मिळाला तर उत्तम. फक्त दारातच नीट झटका. गेल्या वर्षी पोरांनी ओंजळी भरभरून भिजलेली तगर थेट वेदीवर ओतली, कापडाला मुंग्या लागल्या आणि वेदी आवरणाऱ्या काकांचं मी अजून ऐकते आहे.